पंचमीच्या पहाटे तिरुवैयारूला

मनू, नागपट्टणमच्या समुद्रावर चार-सहा दिवस काढायला निघालीच आहेस, तर त्यातले दोन तंजावरला दे. किनाऱ्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आत, आणि तिथून तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवैयारू. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी तिथेच आहे.

मात्र तिकिटं काढण्याआधी पंचांग उघड. त्यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा संगीतोत्सव, पौष वद्य पंचमीला. तिकडे तिला पुष्य बहुल पंचमी म्हणतात, पण तो आपलाच पौष, अमावास्येला संपणारा. 6 जानेवारी 1847 ला याच तिथीला त्यागराज गेले. इंग्रजी तारीख दर वर्षी हलते, बहुतेकदा जानेवारीत येते. संक्रांतीच्या, म्हणजे त्यांच्या पोंगलच्या आसपास आली तर दारोदारच्या रांगोळ्या, म्हणजे कोलम, पाहायला मिळतील. आणखी एक बघून ठेव. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे 28 जानेवारीला बंद करतात. पंचमी त्याआधी असली तर कावेरी वाहती भेटण्याची आशा जास्त.

मुक्काम तंजावरलाच कर आणि खोली दोन महिने आधी धर. पंचमीला पहाटे पाचलाच निघ. आम्ही पहिल्या खेपेला नऊला पोचलो, तेव्हा मांडवात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आणि पहाट चुकली की उंछवृत्ती चुकते. त्यागराज गात गात भिक्षा मागत, त्या आठवणीनं त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत भजन करत जातात. मला विचारशील तर साऱ्या दिवसात मोठा भाग हाच. मागून निमूट चालत राहा, फोन पिशवीत ठेव.

मग नागस्वरम, आणि त्यानंतर पंचरत्न कृती, म्हणजे त्यागराजांच्या पाच रचना. शेकडो गायक-वादक जमिनीवर समोरासमोर बसतात आणि पाचही कृती एकसुरात गातात. क्रम पाठ करून जा: नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. पहिली संस्कृतात, बाकीच्या चार तेलुगूत. आठवडाभर रोज एक ऐकलीस तरी तिथे परकं वाटणार नाही. आरभी चढताना आपला दुर्गा राग आठवेल, उतरताना तो हातातून निसटेल.

पुढच्या खेपेला माझ्या शेजारी तंजावरच्या एक मराठी मामी बसल्या होत्या. घरात तीनशे वर्षं जपलेली त्यांची मराठी. कान दिला की सगळं कळतं, फक्त चाल तमिळ. अशी माणसं भेटली तर त्यांची भाषा सुधारायला जाऊ नकोस, ती आपल्याहून जुनी आहे. मी नुसतीच मान डोलावतेय हे पाहून त्यांनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि आदिताल दाखवला. आधी तळव्याची एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप, तळवा उलटा. थाप, तळवा उलटा. आठ मात्रा झाल्या. पाचही कृती याच तालात आहेत. चुकलीस तर थांब आणि पुढची थाप पकड. शेजारच्यांचे हात समोर असतातच.

वराळी सुरू होताना त्या कानाशी आल्या. हा राग गुरू समोर बसवून शिकवत नाहीत, अशी जुनी समजूत आहे. शिष्यानं तो ऐकूनच उचलायचा. म्हणाल्या, आता हातही थांबव.

समाधीसमोर हात जोडून बसलेली एक स्त्रीमूर्ती दिसेल. ती गायिका बंगळूर नागरत्नम्मांची, तिथे क्षणभर थांब. 1920 च्या दशकात त्यांनी आपली कमाई ओतून हे समाधिमंदिर उभारलं. बायकांना इथे गायला मनाई होती, तेव्हा त्यांनी मंदिराच्या मागच्या अंगाला बायकांचं गाणं लावलं. तू पुढे बसून गुणगुणशील, ते त्यांच्यामुळे.

दुपारी देवळं बंद असतात, तेव्हा जेवून घे. अशोका मिळेल तिथे गरमच खा. मुगाच्या डाळीचा, तुपानं ओथंबलेला, केशरी रंगाचा हलवा, याच गावचा. चमच्यानं उचलताना तार सुटते. वर फिल्टर कॉफी.

दुसरा दिवस तंजावरचा. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला इथल्या भोसले राजांचा इतिहास बघ, 1803 चा, दुसऱ्या सरफोजींनी कोरवलेला. याच दरबाराचं बोलावणं त्यागराजांनी नाकारल्याची आख्यायिका आहे. राजा आपला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, तेही पाहा.

समुद्राकडे परतताना तिरुवारूर लागेल. त्यागराजांचा जन्म तिथला, 1767 चा. त्यांच्याच काळातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्रीही त्याच गावचे. नागपट्टणमच्या जरा उत्तरेला नागूरचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच, 131 फुटी मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधवला. डोकं झाकून आत जा. संध्याकाळी वाळूत बसलीस की मांडीवर हात ठेव: थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट. आल्यावर मला करून दाखव.