एवढा डाव होऊ दे

दिवेलागणीला गॅलरीतून आईची हाक यायची आणि खालून आपण ओरडायचो, "एवढा डाव होऊ दे!" आठवतंय ना? आई मग थोडी थांबायची, कारण तिला वरून सगळं दिसत असायचं. लगोरी लागायची बाकी आहे की आत्ताच फुटली आहे, हे तिला विचारावं लागायचं नाही. तीही कधीकाळी परकर खोचून हेच खेळलेली होती.

मागच्या वर्षी माझा सहावीतला मुलगा मला तेच म्हणाला. "आई, ही मॅच संपू दे." मी पाचपर्यंत आकडे मोजले आणि राउटर बंद केला. तो रडला. "माझ्यामुळे बाकीचे तिघं हरले," म्हणाला. मला वाटलं, रडीचा डाव. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या तिघांनी त्याला भिडू म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चढाईला गेलेल्या पोराची कॉलर धरून मी त्याला मैदानाबाहेर ओढलं होतं, तेही भर सामन्यात.

म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं. गेम चांगले की वाईट, हा वाद आपण पालक फार लवकर सुरू करतो. आधी ते नीट बघता तरी यायला हवेत. माझा भाचा पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याला म्हटलं, "बाबा रे, मला यातलं ओ की ठो कळत नाही." तो म्हणाला, "मावशी, तुला सगळं कळतं. फक्त नावं माहीत नाहीत."

कबड्डी घ्या. रेषा ओलांडायची, कुणाला तरी शिवायचं, दम जायच्या आत परत यायचं. तीस सेकंदांचा मामला. मग समोरचा येतो, पुन्हा तेच. हे जे फिरून फिरून येतं त्याला गेमवाले 'कोअर लूप' म्हणतात. त्यात खेळाडू जे करू शकतो, म्हणजे शिवणं, निसटणं, पकडणं, ते 'मेकॅनिक'. चेंडू लागून लगोरी कोसळल्याचा खडखडाट म्हणजे 'फीडबॅक'. नेम बसला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि 'डिफिकल्टी' म्हणजे काय विचाराल, तर आपलं लिंबू-टिंबू! कुणाचं तरी चार वर्षांचं धाकटं भावंड मध्ये लुडबुडायचं. त्याला बाद करायचं नाही, पण पळू द्यायचं, हे आपण आपापसात ठरवून टाकायचो. खेळ फार सोपा झाला तर कंटाळा येतो, फार अवघड झाला तर धसका बसतो आणि मधल्या जागेत माणूस वेळ विसरतो. मिहाय चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञाने त्या अवस्थेला 'फ्लो' नाव दिलं. जेवायला हाक मारली तरी पोराला ऐकू येत नाही, त्याचं पुष्कळसं कारण हे आहे. दर वेळी तो उद्धटपणा नसतो.

भाच्याने मला १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळायला बसवलं. जपानच्या शिगेरू मियामोतो यांचा. पडद्यावर डावीकडे मारिओ उभा, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे उजवीकडे जायचं, हे न सांगताच समजलं. समोरून भुवया आक्रसलेलं एक ध्यान चालत आलं. मी नुसती बघत बसले आणि मेले. पुढच्या वेळी घाबरून बटण दाबलं, तर मारिओने उडी मारली. वर प्रश्नचिन्हाचा चौकोन होता, त्यावर त्याचं डोकं आपटलं आणि नाणं निघालं. ना सूचना, ना समजावणं. मिनिटाभरात मला चार गोष्टी आल्या होत्या. पोरांना अपूर्णांक शिकवताना आपण किती बोलतो, ते तेव्हा आठवलं. असो.

मुलगा हे सगळं बाजूला बसून ऐकत होता. "मला पण गेम बनवायचाय," म्हणाला. लॅपटॉप वगैरे काही मिळणार नाही, कागदावर कर, असं भाच्याने बजावलं. मुलाने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीने आठ बाय आठ चौकोन आखले आणि सापशिडी काढली. साप काढण्यात त्याला भलताच रस. एकोणसाठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चारही घरांत साप. आजी-आजोबांना खेळायला बसवलं. याला 'प्लेटेस्ट' म्हणतात आणि तिचा नियम कडक आहे: ज्याने खेळ बनवला त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. बघायचं आणि लिहायचं. आजीने शिडी उलटी धरली, वरून खाली आली. मुलगा ओठ दाबून बसला. तो हे लिहीत होता की शिडीचा पाया कुठे आहे तेच चित्रावरून कळत नाही. चाळीस मिनिटं झाली तरी कुणी चौसष्टाला पोचेना. शेवटी आजी म्हणाली, "अरे, याला शेवट आहे का?"

त्याने दोन साप खोडले. आता डाव इतक्यात संपला की आजोबांचा चहाही निवला नव्हता. मग एक साप परत आला. ही जी काढघाल चालते, तिला 'बॅलन्स' म्हणतात, आणि ती करताना माझ्या पोराइतकं गंभीर माणूस मी आमच्या घरात पाहिलेलं नाही.

तरी आजोबा कुरकुरलेच. "फासा पडेल तसं जायचं, मी काय केलं यात?" प्रश्न बरोबर होता. सापशिडीत खेळणाऱ्याने ठरवायचं असं काहीच नसतं. आपला जुना मोक्षपट, ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पडेल ते दान भोगायचं, हाच त्याचा अर्थ असेल. पण आजोबांना मोक्ष नको होता, डाव हवा होता. मुलाने विचार करून नियम बदलला: दोन फासे टाका, त्यातला एक निवडा. एवढ्याशा बदलाने आजीचा चेहराच पालटला. ती बोटांवर घरं मोजू लागली, आजोबांच्या सोंगटीकडे तिरक्या नजरेने बघू लागली. 'चॉइस' म्हणजे काय ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या चेहऱ्यावरून जास्त कळलं.

आजीचा तो प्रश्न मी मग मुलाच्या मोबाइलमधल्या प्रत्येक गेमला विचारत सुटले. याला शेवट आहे का? काहींना होता. काहींचा मुद्दाम काढून टाकलेला होता. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळतात, एक गेला की तो परत यायला अर्धा तास. म्हणजे थांबवतात, पण परत बोलावण्यासाठी. थांबायचं नसेल तर पैसे भरा. काही गेममध्ये रोज हजेरी लावली की बक्षीस. एक दिवस चुकला की साखळी तुटली. आणि सगळ्यात बेरकी ती बंद पेटी, 'लूट बॉक्स'. आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला की पक्षी चोच मारतच राहतो. तीच ही युक्ती. बेल्जियमने २०१८ मध्ये विकतच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, ते उत्तमच झालं. पण हजेरीची साखळी तोडायला कुठला कायदा येणार नाही. सापशिडीचा फासा निदान सगळ्यांसमोर पडतो. पेटीतला फासा कंपनीच्या मुठीत असतो. हे वाक्य माझं नाही, मुलाचं आहे. दोन साप खोडून बघितलेल्या पोराला ते आपोआप दिसलं.

त्याने स्वतःच दोन गेम काढून टाकले. तिसऱ्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. ज्या गेमवरून मी राउटर बंद केला होता, तो मात्र राहिला. त्याची मॅच वीसेक मिनिटांची असते, हे आता मला माहीत आहे. जेवणाची पहिली हाक मी पाऊण तास आधी मारते. त्या हाकेनंतर तो नवी मॅच सुरू करत नाही. महिन्यातून दोनदा तरी हे फसतं.

आज रात्री राउटरकडे हात जायच्या आधी पोराच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "हा डाव केवढा आहे रे?" त्याला सांगता आलं नाही, तर दोघं मिळून शोधा. तरीही शेवट सापडला नाही, तर तो गेम बिनदिक्कत काढून टाका.