पोटरीतला गोळा आणि कॅल्शियमची ‘गरम सुई’

काठीच्या राजवाडी होळीला मी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावी रात्रभर ढोल वाजतात. कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप अशा वेशात मंडळी नाचतात आणि पहाटे होळी पेटते. उजाडल्यावर एक चाळिशीचा गडी लंगडत माझ्यापाशी आला. पोटरीत गोळा आला होता. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ती गरम सुई द्या. अंग गरम झालं की गोळा जातो. माझी आईपण घेते, तिला दम लागतो ना.”

सुई मी दिली नाही. त्याला खाली बसवले, गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीच्या दिशेने ओढून धरले. दोन मिनिटांत गोळा सुटला. मीठ-साखरेचे पाणी पाजले. गडी जरा नाराजच झाला. सुई नाही तो इलाज कसला! पण माझे लक्ष त्याच्या आईकडे लागले होते.

‘गरम सुई’ म्हणजे शिरेतून दिलेले कॅल्शियम. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, अंगातून ऊब गेल्यासारखी वाटते आणि रोग्याला वाटते ताकद आली. प्रत्यक्षात पोटरीच्या स्नायूला त्या कॅल्शियमचा फारसा उपयोग नसतो. कसे ते पाहू.

आपल्या शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्या चिमूटभरावर स्नायूंचा सारा कारभार चालतो. स्नायू स्वस्थ असतो तेव्हा त्याच्या पेशीत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजारांश इतकेच असते. बाकीचे आतल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते, कणगीत धान्य ठेवावे तसे. मज्जातंतूचा इशारा आला की कणगीचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर पडते, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. मग स्नायूतले धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो.

आता गंमत पाहा. आपल्याला वाटते, आखडायला शक्ती लागते आणि सैल पडणे फुकटचे. तसे नाही. सांडलेले कॅल्शियम पुन्हा कणगीत भरण्यासाठी पेशीतले पंप चालवावे लागतात व त्यांना ऊर्जा लागते. मृत्यूनंतर देह ताठतो तो यामुळेच. ऊर्जा संपते, कॅल्शियम परत भरले जात नाही आणि धागे एकमेकांत अडकून राहतात. रात्रभर नाचून दमलेल्या पोटरीत मज्जातंतू उगाचच इशारे देत राहतात आणि गोळा येतो. तिथे ताण देणे, पाणी व विश्रांती हाच उपाय. अपवाद एक आहे. रक्तातले कॅल्शियम खरोखर उतरले तर ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटे वाकडी होऊन आखडतात, तान्ह्या मुलांना झटके येतात. तेव्हा हीच सुई जीव वाचवते. पण ती इस्पितळात, हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायची असते. भरकन दिली तर ठोके बिघडून हृदय थांबूही शकते.

हृदयाचा स्नायू पोटरीपेक्षा वेगळा. त्याला प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडे कॅल्शियम आत घ्यावे लागते, त्या इशाऱ्याने आतली कणगी उघडते. लंडनच्या सिडनी रिंगर यांना हे योगायोगाने उमगले. बेडकाचे हृदय ते क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवीत. पुढे लक्षात आले की, मदतनिसाने शुद्ध पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले होते आणि करामत त्यातल्या कॅल्शियमची होती. १८८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आपल्याकडे सलाईनची जी ‘आर.एल.’ची बाटली लावतात, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर.

हृदय दुबळे झाले की हे पंप मंदावतात, कणगी गळू लागते. हृदय जोराने आकुंचन पावत नाही आणि पुरते सैलही होत नाही. माणसाला धाप लागते, पाय सुजतात. काहींना डिगॉक्सिनची गोळी देतात, ती पेशीतले कॅल्शियम वाढवून ठोक्याला जोर आणते. मात्रा थोडी वाढली तरी तीच गोळी विष ठरते. आपल्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत याच जातीचे विष असते. कोणी बी खाल्ली तर घरगुती उपाय करत न बसता इस्पितळ गाठावे.

काही घराण्यांत कणगीच्या दाराचाच जन्मजात दोष असतो. २००१ साली त्याचे जनुक सापडले. असा मुलगा पळताना, नाचताना किंवा दचकल्यावर एकदम कोसळतो. स्वस्थ पडल्यावर काढलेला कार्डिओग्राम मात्र चांगला येतो. अशा मुलाला ‘अंगात आलं’ म्हणून सोडू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. यावर औषध आहे.

त्या गड्याला मी आईच्या गोळ्या घेऊन यायला सांगितले. तिसऱ्या दिवशी तो आईलाच घेऊन आला. पदराच्या गाठीत पट्टी होती, डिगॉक्सिनची. आणि दर बाजाराला ती कोणाकडून तरी शिरेतून कॅल्शियम घेत होती! दोहोंचा जोर हृदयावर एकाच बाजूने पडतो, म्हणून अशा रोग्याला ही सुई देताना डॉक्टरही दहादा विचार करतात. सुई मी तिथल्या तिथे बंद करवली आणि कार्डिओग्रामसाठी चिठ्ठी लिहून दिली. म्हातारी म्हणाली, “मग ताकदीला काय घेऊ?” मी म्हटले, नागलीची भाकर खा, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ती हसली. “ती तर रोजच खाते, बाबा.”