शिरोबिंदूकडून पिक्सेलकडे

बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. त्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर रेखाटायची झाल्यास आम्ही त्याचा पृष्ठभाग लहान त्रिकोणांत विभागतो. पुढील काम मुख्यतः दोन टप्प्यांत चालते. व्हर्टेक्स शेडर प्रत्येक शिरोबिंदूचे स्थान व तेथील पृष्ठभागाची लंबदिशा काढतो. फ्रॅगमेंट शेडर प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवतो.

ओपनजीएलच्या शेडर भाषेत पहिल्या टप्प्यात ‘आउट’ म्हणून घोषित केलेले चल दुसऱ्या टप्प्यात साधारणतः त्याच नावाने व त्याच प्रकाराने ‘इन’ म्हणून स्वीकारतात. मात्र मूल्य जसेच्या तसे पोहोचत नाही. शिरोबिंदू तीनच, पिक्सेल मात्र शेकडो; म्हणून प्रत्येक पिक्सेलला तिन्ही मूल्यांचे स्थानानुसार मिश्रण मिळते. कोपऱ्यांची उजळता ९०, ६० व ३० असेल, तर त्रिकोणाच्या मध्यबिंदूवर ६० मिळते.

लंबदिशेबाबत येथेच चूक होते. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, १ लांबीच्या दोन दिशांच्या बरोबर मध्यावर लांबी सुमारे ०.७१ उरते आणि वळणदार भाग अकारण काळवंडतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ती लांबी पुन्हा १ करावी लागते.

हाती आलेले मूल्य पारखून मगच वापरावे, हा धडा आम्ही विद्यार्थ्यांपुढे प्रथम ठेवतो.