रेडिओ का तडतडतो?

वैशाखातली दुपार. उसात भांगलण चालली आहे. बांधावरच्या बाभळीला रेडिओ टांगला आहे. गाणे रंगात येते, इतक्यात तड् तड् असा आवाज होतो. आपण म्हणतो, "बिघडला वाटतं!" आणि त्याला एक थापटी मारतो. पण रेडिओ बिघडलेला नसतो. तो विजेची वर्दी देत असतो. ती कशी, हे आज पाहू.

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. आम्ही लहान असताना रेडिओचा काटा १२५१ वर आणला, की कोल्हापूरकडच्या गावांत सांगली लागे. हा आकडा कशाचा?

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थोड्या अंतरावर विरून जाते. सांगलीत मारलेली हाक कोल्हापुरात कशी पोचेल? म्हणून केंद्रातला मायक्रोफोन आवाजाची वीज बनवतो. पण ही विजेची थरथर संथ असते. सेकंदाला शेकडो वेळा, फार तर काही हजार वेळा. एवढी संथ थरथर मनोऱ्यावरून दूर जात नाही. तिला वाहन लागते. ते वाहन म्हणजे विजेची एक जलद लहर. सांगलीची ही लहर सेकंदाला १२५१ हजार वेळा थरथरे. तोच तो आकडा!

आता आवाज या लहरीवर चढवायचा कसा?

भजनातला टाळकरी डोळ्यांपुढे आणा. त्याची लय कायम आहे. पण तो कधी जोरात वाजवतो, कधी हळू. लय तीच, जोर कमीजास्त. केंद्रातही तसेच करतात. लहरीची लय बदलत नाहीत. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे तिची उंची वाढवतात आणि कमी करतात. या रीतीला ए. एम. म्हणतात.

अशी लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. आपला रेडिओ ती पकडतो. तो जलद थरथर गाळून टाकतो आणि उंचीचा चढउतार तेवढा ठेवतो. त्या चढउताराप्रमाणे कर्ण्याचा कागद हलतो. झाला आवाज!

आता तडतडीकडे वळू. आकाशात वीज चमकली, की तिच्याही लहरी सुटतात. त्या रेडिओत शिरतात आणि उंचीत भर घालतात. रेडिओला उंचीच तेवढी कळते. ही उंची गाण्याची की विजेची, हे त्याला कळत नाही. म्हणून तो दोन्ही ऐकवतो. एफ. एम. मध्ये उंची कायम ठेवून लय बदलतात. म्हणून तिथे तडतड फारशी येत नाही.

तडतड दूरच्या विजेचीही असते. पण ती वाढत चालली, तर वळीव जवळ येत आहे असे समजा. खुरपे खाली ठेवा. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. मात्र रेडिओ गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गडगडाट ऐकू आला, की वीज जवळ आहे हे नक्की. राहिलेली भांगलण उद्या होईल. गेलेला माणूस परत येत नाही.

प्रश्न
१. टाळकऱ्याची लय बदलते की जोर?
२. रेडिओत तडतड का होते?
३. तडतड वाढली तर तुम्ही काय कराल? घरच्यांना सांगा.