छाती सगळे बघतात, पाय कोण बघतं?

बायपासनंतर भेटायला येणारा प्रत्येक जण छातीबद्दल विचारतो. माझे छातीचे टाके छान सुकले. चिघळला तो पाय! बायपाससाठीची शीर बहुतेकदा पायातून काढतात आणि ती जखम घरी आल्यावर कुणाच्या खिजगणतीत नसते. शिवाय सुजेसाठी दिलेल्या लांब मोज्याखाली ती झाकलेलीच. पोटरीला हात लावला की गरम लागायचं, मग मोज्यावर पिवळट डाग दिसला. लेक म्हणाली, घाम असेल. सर्जननी टाक्याशेजारी जरा दाबलं आणि पू आला. पुढे पू तपासायला पाठवणं, अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग, सगळं ओघाने आलंच.

मला मधुमेह आहे. ऑपरेशनच्या ताणाने शुगर आणखी चढते आणि चढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. म्हणून आयसीयूत इन्सुलिन देऊन ती साधारण 180च्या आत ठेवतात. घरी मात्र पाहुणे ‘ताकद यायला’ चिकू नि मोसंबीचा रस घेऊन हजर! त्यांना गोड बोलून परत पाठवा, आणि आधी हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नका.

ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर तीन महिन्यांची सरासरी शुगर आधीच तपासून घ्या. विडी, तंबाखू, मिश्री बंद. (मिश्रीचं डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगायचं.) घरी वस्तऱ्याने केस काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू बसतात. हॉस्पिटलात त्यासाठी क्लिपर असतो. जखमेवर हळद, तेल, पावडर काही नको, शेजारणीने कितीही आग्रह केला तरी.

छातीचं हाड तारेने शिवलेलं असतं, ते जुळायला 6 ते 8 आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हलताना छातीत कट्ट वाजलं, ताप आला, टाक्यांतून लस किंवा पू आला, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. पायाचं दुखणं बहुतेकदा औषध-ड्रेसिंगवर निभावतं, छातीच्या हाडामागे पू झाला तर पुन्हा ऑपरेशन होतं आणि जीवावरही बेततं.

घरी जाण्याआधी रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर मागून घ्या, आणि रोज मोजा काढून पाय बघा.