फुटबॉलपटूंची चपळता आणि तोल : सरावपद्धतींचा तौलनिक विचार

फुटबॉल हा पायांनी खेळावयाचा खेळ असला, तरी त्यातील निर्णायक क्षण बहुधा एकाच पायावर घडतो. चेंडू मारताना, अडविताना किंवा समोरच्या खेळाडूला हूल देऊन वळताना एक पाय काम करीत असतो आणि शरीराचा सारा भार दुसऱ्या पायावर असतो. भार पेलणाऱ्या या दुसऱ्या पायाचा विचार आपल्या शालेय सरावात फारसा होत नाही. धावणे, चेंडू मारणे आणि उरलेल्या वेळात सामना खेळणे, एवढ्यावरच बहुतेक ठिकाणचा सराव संपतो.

महाराष्ट्रात या खेळाचा प्रसार अलीकडच्या काळात निश्चितच वाढला आहे. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींच्या संघांनी तो पूर्वीपासून जोपासला आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ साली त्याच वयोगटातील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचे सामने नवी मुंबईत झाले. २०१७ च्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. साहजिकच ग्रामीण भागातील शाळाही संघ उभारू लागल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न येतो. हाताशी असलेला थोडा निधी व आठवड्यातील मोजक्या तासिका कोणत्या सरावासाठी वापराव्यात? बाजारात दोरीच्या शिड्या, रंगीत शंकू, तोल सांभाळण्याच्या डगमगत्या फळ्या असे पुष्कळ साहित्य मिळते. त्यातील कशाने काय साधते, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

चपळता म्हणजे काय?

चपळता हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वेगाने धावणारा मुलगा चपळ, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु क्रीडाशास्त्रात या शब्दाला अधिक नेमका अर्थ आहे. शेपर्ड आणि यंग या अभ्यासकांनी २००६ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा की, एखाद्या संकेताला प्रतिसाद म्हणून सर्व शरीराची गती किंवा दिशा त्वरेने बदलणे म्हणजे चपळता. यातील ‘संकेत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठरलेल्या खुणांभोवती वळत धावणे हा केवळ दिशाबदल होय. समोरच्या खेळाडूचा खांदा कोणीकडे झुकला, हे पाहून वळणे ही चपळता. पहिल्यात फक्त पाय काम करतात. दुसऱ्यात डोळे, बुद्धी आणि पाय यांची साखळी जुळावी लागते.

आपल्याकडील शिक्षकांना हा भेद समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. आट्यापाट्यांत पाटी धरून उभा असलेला खेळाडू आणि त्याला चकवू पाहणारा खेळाडू यांच्यामध्ये जे चालते, ते याच प्रकारचे असते. खो-खोतील पळणारा खेळाडू पाठलाग करणाऱ्याच्या हालचालीवरून आपली दिशा ठरवितो. या खेळांत वाढलेल्या मुलाला हूल ओळखण्याची सवय असते. फक्त चेंडू तेथे नसतो, आणि तो उणेपणा लहान नाही.

शिडी, शंकू आणि छोटे सामने

जमिनीवर अंथरलेल्या दोरीच्या शिडीच्या घरांतून झपझप पावले टाकणे हा सराव पाहणाऱ्याला आकर्षक वाटतो. त्याने पावलांची लय सुधारते, लहान मुलांना तो आवडतो, आणि पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक म्हणूनही तो शोभतो. तथापि यात मुलाची मान बहुधा खाली असते, शरीर फारसे झुकत नाही आणि वेगात येऊन थांबण्याचा प्रसंगच येत नाही. सामन्यात मात्र थांबणे हेच सर्वांत कठीण असते. शंकूंभोवतीच्या धावण्यात थांबणे आणि वळणे दोन्ही येतात, म्हणून तो सराव शिडीहून उजवा मानला पाहिजे. पण मार्ग आधीच ठाऊक असल्यामुळे निर्णय घेण्याचा भाग त्यातही नाही.

तिसरी पद्धत छोट्या सामन्यांची. तीन-तीन किंवा चार-चार खेळाडूंचे संघ करून लहान जागेत खेळविले, म्हणजे प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू वारंवार लागतो आणि काही क्षणांनी त्याला कोणाला तरी चकविणे किंवा अडविणे भाग पडते. यंग व रॉजर्स यांनी ऑस्ट्रेलियातील अठरा वर्षांखालील खेळाडूंवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमधील होता, हे ध्यानात ठेवावे. एका गटाला सात आठवड्यांत अकरा वेळा छोटे सामने आणि दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा दिशाबदलाचा सराव देण्यात आला. प्रतिस्पर्ध्याला पाहून वळण्याची परीक्षा घेतली, तेव्हा छोट्या सामन्यांच्या गटात स्पष्ट सुधारणा दिसली, आणि ती मुख्यतः निर्णय लवकर घेतल्यामुळे झाली होती. दुसऱ्या गटात तशी सुधारणा आढळली नाही. आपण खेळतो त्या फुटबॉलमधील तरुण खेळाडूंवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे चित्र अधिक पूर्ण झाले. ठरलेल्या मार्गावरील धावण्यात दिशाबदलाचा सराव करणारे पुढे गेले, तर संकेत पाहून वळण्यात छोटे सामने खेळणारे.

यावरून एक सावधगिरीची सूचना अधिकारीवर्गाला करावीशी वाटते. चपळता मोजण्यासाठी इलिनॉय चाचणी सर्वत्र प्रचलित आहे. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद जागा, मध्यभागी ३.३ मीटर अंतरावर चार खुणा, पालथे पडून सुरुवात आणि ठरलेल्या मार्गाने धाव, असे तिचे स्वरूप आहे. ही चाचणी सोपी व स्वस्त आहे, आणि विराम-घड्याळाखेरीज तिला काही लागत नाही. पण ती मोजते दिशाबदल. ज्या शाळेने वर्षभर शंकूंचा सराव केला, तिचे आकडे या चाचणीत सुधारलेले दिसणारच. अहवालात आकडे चांगले आले म्हणून संघ चपळ झाला, असे समजणे योग्य नव्हे.

तोल आणि घोटा

शरीराचा तोल तीन प्रकारच्या माहितीवर राखला जातो. एक डोळ्यांची, दुसरी अंतर्कर्णाची, आणि तिसरी स्नायू, स्नायुरज्जू व सांधे यांतील चेतांची. खेळाडूचे डोळे चेंडूवर आणि प्रतिस्पर्ध्यावर गुंतलेले असतात. म्हणून तोलाचे बरेचसे काम सांध्यांतील जाणिवेवर पडते. घोटा एकदा मुरगळला की ही जाणीव मंदावते, आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात माध्यमिक शाळांच्या ७६५ फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंना घेऊन झालेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचाच व्यायाम करणाऱ्यांपैकी ९.९ टक्के मुलांचे घोटे मुरगळले. एका पायावर उभे राहण्याचा, नंतर डोळे मिटून आणि पुढे डगमगत्या फळीवर उभे राहण्याचा सराव केलेल्यांमध्ये हे प्रमाण ६.१ टक्के होते. घोट्याच्या बाबतीत तोलाच्या सरावाचा लाभ याप्रमाणे चांगला सिद्ध झालेला आहे.

गुडघ्याचे तसे नाही. इटलीतील ६०० खेळाडूंच्या अभ्यासात तोल-फळीच्या सरावाने गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण फार घटल्याचे १९९६ मध्ये सांगण्यात आले. तेथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. स्वीडनमध्ये महिला संघांवर तसाच प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००० साली आला, आणि केवळ फळीवर उभे राहण्याने काहीच फरक पडला नसल्याचे त्यात आढळले. नुसती फळी विकत घेऊन गुडघे सुरक्षित होतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मुलींच्या गुडघ्याचा प्रश्न

या प्रश्नाला आपल्या राज्यात विशेष महत्त्व आहे, कारण मुलींचे संघ आता वाढत आहेत. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांच्या मानाने दुप्पट ते तिप्पट असतो, आणि तो वयात येण्याच्या सुमारास वाढू लागतो. यांतील बऱ्याच दुखापती कोणाची टक्कर न होता घडतात. मुलगी उडी मारून एका पायावर येते किंवा वेगात पाय रोवून वळते, गुडघा आतल्या बाजूस झुकतो, आणि पाऊल जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात अस्थिबंध तुटतो. एवढ्या अल्प काळात पाहून, समजून सावरणे माणसाला शक्य नाही. गुडघा पावलाच्या सरळ रेषेत ठेवून टेकण्याची सवय आधीच अंगी बाणलेली असावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर खेळात परतण्यास नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. शस्त्रक्रिया व नंतरचे उपचार यांसाठी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहूनही दूर जावे लागते. तालुक्याच्या गावातील मुलीचे खेळणे तेथेच संपण्याचा संभव अधिक. असा गुडघा पुढे लवकर झिजतो. जिला शेतात आणि घरात उकिडवे बसून काम करावयाचे आहे, तिच्या दृष्टीने ही केवळ खेळातील दुखापत राहत नाही. मुलींना खेळू देऊ नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांना मुलांइतकाच सराव द्यावा, किंबहुना या बाबतीत अधिक काटेकोर द्यावा, एवढाच याचा अर्थ आहे.

यासाठी उपलब्ध पद्धतींपैकी ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम सर्वांत विश्वासार्ह म्हणता येईल. त्यात पंधरा व्यायाम आहेत. आठ मिनिटे सावकाश धावणे, दहा मिनिटे शक्ती, उड्या व तोल यांचे व्यायाम आणि दोन मिनिटे वेगाने धावून पाय रोवून वळणे, असा त्याचा क्रम आहे. तोलाच्या व्यायामाला साधन लागते ते फक्त चेंडूचे. प्रथम चेंडू हातात धरून एका पायावर तीस सेकंद उभे राहावयाचे. ते जमले की तसेच उभे राहून सोबत्याकडे चेंडू टाकावयाचा व झेलावयाचा. त्यानंतर सोबत्याने हलकेच ढकलून तोल ढळविण्याचा प्रयत्न करावयाचा. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या १,८९२ मुलींवर २००७ च्या हंगामात याची परीक्षा झाली. एकूण दुखापतग्रस्त मुलींचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापतींचे जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. केवळ पायांच्या दुखापती वेगळ्या काढल्या असता घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पूर्णतः उतरली नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या संघांनी व्यायाम अधिक नियमाने केला, त्यांच्यात दुखापती आणखी कमी झाल्या. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायामांचा निराळा क्रम आहे. युरोपातील चार देशांत ३,८९५ मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने दुखापती ४८ टक्क्यांनी घटल्या.

मैदान आणि साधने

प्रशस्त मैदान नाही ही अडचण छोट्या सामन्यांना आड येत नाही. बहुतेक शाळांत आखलेले खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. चार-चार मुलांच्या सामन्याला ते पुरेसे आहे. मात्र खांब काढता येत नसतील, तर शेजारी तेवढीच जागा फक्कीने आखून घ्यावी. शंकूंऐवजी फक्कीच्या खुणा किंवा वाळूच्या लहान पिशव्या चालतात. विटा कदापि ठेवू नयेत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा उड्यांचे व वळण्याचे व्यायाम करण्यापूर्वी त्या मातीने बुजवून पाणी मारावे. सुट्या मुरमावर पाऊल सरकते, म्हणून तेथे पाय रोवून वळण्याचा सराव सुरुवातीस निम्म्या वेगाने घ्यावा. पंचायतीने निधी खर्च करावयाचाच असेल, तर शिडीपेक्षा मैदान सपाट करण्यावर आणि चेंडूंवर करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तासिका पस्तीस मिनिटांची धरली, तर वीस मिनिटे पूर्वव्यायाम आणि उरलेला वेळ छोटे सामने, ही विभागणी आठवड्यातून दोनदा सहज शक्य आहे. लंगडीचा खेळ लहान मुलांना अधूनमधून अवश्य द्यावा. मात्र पाऊल टेकताना गुडघा आत झुकत नाही ना, हे शिक्षकाने समोर उभे राहून पाहावे, आणि मूल दमले की थांबवावे. तालमीतील बैठकांनी मांड्या बळकट होतात हे खरे, पण त्या दोन्ही पायांवर होतात. एका पायावरील तोलाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

घोटा मुरगळलेल्या मुलाची नोंद हजेरीपटाशेजारीच ठेवणे सोयीचे ठरते. सूज उतरून तो वेदनेविना धावू लागला म्हणून त्याला लगेच सामन्यात उतरवू नये. डोळे मिटून प्रत्येक पायावर तो किती सेकंद उभा राहतो, हे घड्याळ लावून पाहावे. दुखावलेल्या पायाचा वेळ चांगल्या पायाच्या बरोबरीला येईपर्यंत, आणि त्या पायावर उडी मारून त्याला स्थिर उभे राहता येईपर्यंत, त्याच्याकडून रोज पाच मिनिटे हाच सराव करून घ्यावा.