तुझ्या भिंतीवरच्या कागदाविषयी

शनिवार पेठ, पुणे

चि. सोनू,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. नवी पेठ इथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिथे चिठ्ठ्या धाडायची वेळ यावी! खालच्या अभ्यासिकेतल्या त्या सांगलीच्या मुलाच्या हाती हे देतेय. त्यानेच मला सगळं सांगितलं, पण त्याच्यावर डाफरू नकोस. मी खोदून खोदून विचारलं.

तो म्हणाला, लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखकाच्या यादीत नाव येऊनही तू ऑप्टिंग आउट केलंस. म्हणाला, टेबलासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावलायस, ‘नो प्लॅन बी’. आणि मेस बंद केलीयस. दुपारी वडापाव, रात्री नुसता चहा. खरं आहे का हे? बाकीचं राहू दे, जेवतोस का ते आधी कळव.

आता बाकीचं. पेपर मीही वाचते, सोनू. ऑप्टिंग आउट कशासाठी असतं? ज्याला वरचं पद मिळालं त्याने खालचं सोडावं, म्हणजे यादीतला पुढचा मुलगा वर सरकतो आणि जागा रिकामी राहत नाही. चांगली सोय आहे. पण तुझ्या हातात दुसरं पद कुठलं होतं रे? कुठल्याशा क्लासच्या सरांनी सांगितलं म्हणे, की ज्याच्याकडे प्लॅन बी असतो त्याचा प्लॅन ए कधी पुरा होत नाही. सरांचा स्वतःचा प्लॅन बी काय होता, ते विचारलंस का? क्लास काढणं!

आणि राज्यसेवा काही तुझ्या ओळखीची राहिली आहे का? पर्यायांवर गोळे काळे करण्यात तुझी वर्षं गेली. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक. लेखी १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. खुल्या गटाला वयाची अट ३८, म्हणून अजून खूप वेळ आहे असं तू बाबांना सांगितलंस. ३८ ही आयोगाची मर्यादा आहे, बाळा. तोवर काय खायचं, ते आयोग सांगत नाही.

ज्या खुर्चीला तू नको म्हणालास, त्याच खुर्चीवर तुझी आत्या निवृत्त होईपर्यंत बसली. मला राग आलाय तो त्याचाही आलाय, लपवत नाही. तुझे बाबा इंजिनिअर झाले ते त्याच पगारावर.

आपल्या घराची गोष्ट तुला पाठ आहे, तरी ऐक. १२ जुलै १९६१. तुझे बाबा तीन वर्षांचे, माझ्या कडेवर. पानशेत धरणाचं काम पुरं व्हायच्या आधीच त्यात पाणी अडवलं होतं. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. धरण फुटलं ते फुटलंच, मागोमाग खडकवासलाही गेलं. ओंकारेश्वराकडून पाणी आलं आणि आपला वाडा बसला. पण त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले होते. फुटायचं ते मध्यरात्रीऐवजी सकाळी फुटलं, आणि दिवसाउजेडी आम्हाला पळता आलं. तुझे आजोबा, आमचे नाना, पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या त्या अर्धगोल झोपडीत बसून तेच सांगायचे: पोत्यांनी धरण वाचत नाही, माणसं वाचतात.

म्हणून नानांनी मला टायपिंगला घातलं. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द मिनिटाला. इंटरमिजिएट ड्रॉइंगला मला ‘ए’ ग्रेड होती. मुंबईला जे. जे. स्कूलला जायचं मनात होतं. नाना पाठवणार नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. खरं म्हणजे मी त्यांना कधी विचारलंच नाही. पहिला पगार हातात आला आणि विचारायचं राहूनच गेलं. अजूनही टिळक स्मारकाला एखादं चित्रप्रदर्शन असलं, की मी बाहेरच्या बाहेर परत येते.

तेव्हा परीक्षा सोड असं मी तुला म्हणणार नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणणार? दे परीक्षा. मनापासून दे. पण भिंतीवरचा तो कागद काढ. त्याचा विचार आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मी तर तो पाहिलेलाही नाही.

कारण सांगते. २०२१ साली फुरसुंगीच्या त्या मुलाची बातमी आली होती. पूर्व पास, मुख्य पास, आणि मुलाखत काही होईना. त्याने जीव दिला. त्या दिवशी तू इथेच जेवायला होतास. पेपर घडी करून ठेवलास आणि ताटावरून उठलास. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. आता विचारते. रात्री झोप लागते का? निकालाच्या दिवशी तू कुणाजवळ असतोस? मनात भलतंसलतं येतं का? येत असेल तर मला सांग, कितीही वाजलेले असोत. मी रागावणार नाही, उपदेशही करणार नाही.

फार बोलले. मेसचे पैसे मी भरणार आहे, त्यावर वाद नको. आणि वर्णनात्मक उत्तरं लिहायला लागला असशील तर इकडे आणत जा. मुद्दे कळले नाहीत तरी अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासता येतं मला. जन्मभर साहेबांच्या टिपणांवर तेच केलं. तू ‘निवडणूक’ अजून पहिला उकार काढूनच लिहितोस.

पास झालास तर पेढे. नाही झालास तर मधली खोली रिकामीच आहे, आणि तिची किल्ली तुझ्याकडे आहे.

तुझी,
आत्या

ता. क. ऑप्टिंग आउटचं तुझ्या बाबांना मी कळवलेलं नाही. ते तूच सांग. हवं तर मी शेजारी बसेन.